शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे आर्थिक शोषण

शुश्रूषागृह, वृद्धाश्रम किंवा तत्सम निवासी संस्थेत राहणाऱ्या वृद्ध अथवा परावलंबी व्यक्तीचा पैसा, दागिने, मालमत्ता किंवा कायदेशीर अधिकार यांचा तिची काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या लाभासाठी केलेला गैरवापर म्हणजे शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे आर्थिक शोषण होय. काळजी घेणारा म्हणजे संस्थेचा चालक, व्यवस्थापक, परिचारिका, आया, रात्रपाळीचा मदतनीस किंवा ब्यूरोमार्फत खाजगी रीतीने ठेवलेली व्यक्ती असू शकते. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांच्या छळाच्या प्रकारांमध्ये आर्थिक छळाची गणना स्वतंत्रपणे करते. या संघटनेने उद्धृत केलेल्या आकडेवारीनुसार घरी राहणाऱ्या ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी ६.८ टक्के, तर संस्थांत राहणाऱ्यांपैकी १३.८ टक्के व्यक्तींनी गेल्या वर्षभरात असा छळ झाल्याचे सांगितले. हे आकडे स्वतःहून सांगणाऱ्यांचे आहेत; ज्यांची स्मृती गेली आहे किंवा ज्यांना सांगण्याचे भय वाटते, ते त्यांत येत नाहीत.

संज्ञेविषयी

अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषेची गरज असलेल्या व्यक्तींचे निवासस्थान. महाराष्ट्रात मात्र हाच शब्द लहान खाजगी रुग्णालयाला, विशेषतः प्रसूतिगृहाला, रूढ झाला असून १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाही अशा रुग्णालयांसाठीच आहे. अमेरिकेतील नर्सिंग होमला जवळची ठरतील अशी महाराष्ट्रातील ठिकाणे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेणारे वृद्धाश्रम, स्मृतिभ्रंश झालेल्यांची निवासी केंद्रे आणि शुश्रूषा केंद्रे. प्रस्तुत लेखात ‘शुश्रूषागृह’ हा शब्द या व्यापक अर्थाने योजला आहे.

स्वरूप

शोषणाचे सर्वांत साधे रूप म्हणजे चोरी: उशीखालच्या नोटा, कपाटातील पाटल्या, बोटातील अंगठी. खऱ्या सोन्याच्या जागी तशाच दिसणाऱ्या खोट्या बांगड्या चढवल्या गेल्याचे बरेचदा मृत्यूनंतर, दागिने सराफाकडे नेल्यावरच उघड होते. त्याहून व्यापक प्रकार बँकेच्या व्यवहारांत आढळतो. औषधे आणण्यासाठी दिलेले एटीएम कार्ड व पिन पुढे मदतनिसाकडेच राहतात. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलला जातो, त्यामुळे पैसे काढल्याचा संदेश खातेदाराला मिळतच नाही. कोऱ्या धनादेशांवर एकाच बैठकीत सह्या घेतल्या जातात. यूपीआयच्या प्रसारानंतर पासबुक, सही, बँकेची खिडकी यांपैकी कशाचीच गरज उरलेली नाही. फोन हाती असला आणि पिन ठाऊक असला, की पुरे.

तिसरा प्रकार कागदपत्रांचा. कुलमुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, मुदत ठेवीवरील नामनिर्देशन, बचत खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशा अटीने घातलेले दुसरे नाव, या कागदांवर रहिवाशाची सही किंवा अंगठा खरा असतो. खोटी असते ती संमती. कागद अस्सल असल्यामुळे हाच प्रकार सिद्ध करणे सर्वांत अवघड जाते.

संस्थेकडून होणाऱ्या शोषणाकडे तुलनेने कमी लक्ष जाते. न दिलेल्या सेवेचे देयक, डायपर व औषधांच्या फुगवलेल्या किमती, रहिवासी वारल्यावर परत न केलेली अनामत रक्कम, दरमहा अचानक वाढणारे शुल्क आणि ते न भरल्यास ‘घेऊन जा’ असा तगादा, ही त्याची नेहमीची रूपे. यांतील काही बाबी गुन्हा ठरतात, काही केवळ कराराचा भंग. ज्या कुटुंबापुढे आजाऱ्याला दुसरीकडे हलवण्याची सोय नाही, त्याला हा भेद फारसा उपयोगी पडत नाही.

शोषण उघड न होण्याची कारणे

मराठी घरांत व संस्थांत शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला ‘मावशी’ आणि पुरुषाला ‘मामा’ म्हणण्याची रीत आहे. ही हाक पोकळ नसते. जी व्यक्ती दिवसातून चार वेळा कूस बदलते, अंघोळ घालते, भरवते, तिच्याविषयी रहिवाशाच्या मनात खरी कृतज्ञता असते आणि दूरच्या मुलांपेक्षा ती जवळची वाटते. तिला साडीसाठी किंवा मुलीच्या शाळेसाठी पैसे देणे यात गैर काही नाही. ऐच्छिक देणगी संपून शोषण नेमके कोठे सुरू होते, हे ठरवणे म्हणूनच कठीण असते. रक्कम, वारंवारता, गुप्तता आणि देणाऱ्याची त्या वेळची मानसिक अवस्था या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. त्यांत गुप्तता सर्वाधिक बोलकी असते. ‘मुलांना सांगू नका’ अशी अट असलेली देणगी क्वचितच निर्मळ असते.

दुसरे कारण परावलंबित्वाचे. तक्रार केली तर रात्री पाणी कोण देणार, ही भीती रहिवाशाला गप्प बसवते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने पैसे गेल्याचे सांगितलेच, तरी तो आजाराचा भाग समजला जातो. वस्तू चोरीला गेल्याचा भास हे या विकाराचे परिचित लक्षण असल्यामुळे खरी चोरीही त्यात झाकली जाते. तिसरे कारण मनुष्यबळाचे: मदतनिसांचे वेतन अल्प असते, पाळ्या लांब असतात आणि अनेक ठिकाणी पूर्वचारित्र्याची पडताळणी होत नाही. बहुसंख्य मदतनीस प्रामाणिक असतात. नोंदच ठेवली जात नसेल तर मात्र प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा दाखवता येत नाही, आणि काही हरवले की संशय प्रथम त्याच्यावरच येतो.

शोषण करणारा नेहमी परकाच असतो असेही नाही. मुले, सुना, जावई, पुतणे यांनी केलेले शोषण सर्वत्र मोठ्या प्रमाणावर आढळते. शुश्रूषागृहाचे शुल्क थकवून आईवडिलांचे निवृत्तिवेतन स्वतः वापरणारे नातेवाईक हा व्यवस्थापकांच्या परिचयाचा अनुभव आहे.

अमेरिकेतील नियम

रहिवाशांच्या पैशाविषयी सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेत आढळतात. तेथील शुश्रूषागृहांच्या दुरवस्थेवर १९८६ मध्ये एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला व त्यानंतर १९८७ मध्ये शुश्रूषागृह सुधारणा कायदा संमत झाला. त्यावर आधारलेल्या संघीय नियमांनुसार स्वतःचा पैसा स्वतः सांभाळण्याचा हक्क रहिवाशाचा असून तो संस्थेकडे ठेवण्याची सक्ती करता येत नाही. रहिवाशाने लेखी विनंती केल्यास संस्थेला तो विश्वस्ताच्या नात्याने सांभाळावा लागतो. १०० डॉलरांपेक्षा (मेडिकेड या सरकारी योजनेतील रहिवाशांच्या बाबतीत ५० डॉलरांपेक्षा) अधिक रक्कम व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावी लागते. हे खाते संस्थेच्या व्यवहाराच्या खात्यापासून वेगळे असणे बंधनकारक आहे. प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब ठेवून दर तिमाहीला त्याचा उतारा द्यावा लागतो. रहिवाशाचा मृत्यू झाल्यास अथवा त्याने संस्था सोडल्यास ३० दिवसांत शिल्लक व अंतिम हिशेब सुपूर्द करावा लागतो, आणि या सर्व ठेवींच्या सुरक्षिततेसाठी संस्थेला हमीपत्र घ्यावे लागते.

हे आकडे क्षुल्लक वाटतात, परंतु मेडिकेडवर असलेल्या रहिवाशाचे बहुतेक उत्पन्न शुश्रूषेच्या खर्चात वळते होते व त्याच्या हाती वैयक्तिक गरजांसाठी थोडीच रक्कम उरते. तिची संघीय किमान मर्यादा महिना ३० डॉलर असून अनेक राज्ये त्याहून अधिक देतात. केस कापणे, फोन, नातवाला वाढदिवसाचे कार्ड हे सारे त्यातूनच भागवायचे असते. त्यातले २० डॉलर गेले तर महिना गेला.

रहिवाशाच्या संमतीवाचून त्याचा पैसा किंवा वस्तू वापरणे, तात्पुरते वापरणे सुद्धा, या नियमांत ‘मालमत्तेचा अपहार’ ठरते. अशा कृत्याची नोंद झालेल्या मदतनिसाचे नाव राज्याच्या सहायक परिचारिका नोंदवहीत चढते आणि त्याला अन्य शुश्रूषागृहात कामावर घेता येत नाही. २०१० च्या वृद्ध न्याय कायद्याने आणखी एक कर्तव्य घातले. रहिवाशाविरुद्ध गुन्हा घडल्याचा वाजवी संशय आल्यास कर्मचाऱ्याने तो २४ तासांच्या आत, आणि गंभीर शारीरिक इजा झाली असल्यास २ तासांच्या आत, पोलिसांना व राज्य यंत्रणेला कळवला पाहिजे. केवळ वरिष्ठांच्या कानावर घालून त्याला मोकळे होता येत नाही. याशिवाय प्रत्येक राज्यात दीर्घकालीन शुश्रूषेसाठी लोकपाल असतो. ही योजना १९७२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व १९७८ च्या दुरुस्तीने सर्व राज्यांना बंधनकारक झाली. लोकपाल संस्थेत जाऊन रहिवाशाशी एकांतात बोलू शकतो, आणि दबून राहिलेल्या तक्रारी बहुधा अशाच भेटींत बाहेर येतात. ग्राहक आर्थिक संरक्षण विभागाने २०१४ मध्ये शुश्रूषागृहांच्या कर्मचाऱ्यांसाठी या विषयावरील मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली.

देणगी व मृत्युपत्रावरील निर्बंध

काळजी घेणाऱ्याने रहिवाशाकडून देणगी घ्यावीच का, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. फ्रान्समध्ये निवासी संस्थांचे चालक व कर्मचारी यांना तेथील रहिवाशांकडून देणगी किंवा मृत्युपत्राने मालमत्ता स्वीकारण्यास मनाई आहे. २०१५ च्या कायद्याने ही मनाई घरी येऊन सेवा देणाऱ्यांनाही लागू केली होती. परंतु मार्च २०२१ मध्ये तेथील घटना परिषदेने तेवढा भाग रद्द केला. घरी मदत घ्यावी लागते एवढ्यावरून त्या व्यक्तीचे भान गेले असे मानता येत नाही आणि सरसकट बंदीने तिच्या मालमत्तेवरील हक्कावर अवाजवी घाला पडतो, असे त्यामागील कारण होते. हा निर्णय या विषयातील मूलभूत पेच स्पष्ट करतो: संरक्षणाच्या नावाखाली वृद्ध व्यक्तीचा स्वतःच्या पैशावरील अधिकार काढून घेणे हेही एक प्रकारचे हिरावून घेणेच आहे. जर्मनीच्या वृद्धनिवास कायद्यातही ठरलेल्या शुल्काखेरीज, किरकोळ भेटवस्तू वगळता, लाभ घेण्यास चालक व कर्मचारी यांना बंदी होती. हा विषय २००६ नंतर घटक राज्यांकडे गेला.

कॅलिफोर्नियाने बंदीऐवजी गृहीतकाचा मार्ग धरला. परावलंबी व्यक्तीने सेवेच्या काळात, किंवा त्याच्या ९० दिवस आधी वा नंतर, काळजीवाहकाच्या नावे मालमत्ता लिहून दिल्यास ती अनुचित प्रभावाखाली दिली असे मानले जाते व तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी काळजीवाहकावर येते. स्वतंत्र वकिलाने त्या व्यक्तीला एकांतात सल्ला देऊन प्रमाणपत्र दिले असेल तर हे गृहीतक लागू होत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये २००५ चा मानसिक क्षमता कायदा महत्त्वाचा आहे. भान शाबूत असताना करून ठेवलेले ‘टिकाऊ’ मुखत्यारपत्र त्या व्यक्तीचे भान गेल्यावरही चालू राहते. वापरापूर्वी ते सार्वजनिक पालक कार्यालयात नोंदवावे लागते, आणि करणाऱ्याला त्याचा अर्थ समजला आहे असे प्रमाणपत्र देणारी व्यक्ती तो राहत असलेल्या शुश्रूषागृहाचा चालक किंवा कर्मचारी असून चालत नाही. ज्याच्यावर दुसऱ्याचे आर्थिक हित जपण्याची जबाबदारी आहे त्याने त्या स्थानाचा गैरफायदा घेणे हा २००६ च्या फसवणूक कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा असून त्याला १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात संस्थेतील रहिवाशांच्या पैशाविषयी अमेरिकेसारखा एकत्रित कायदा नाही. संरक्षण अनेक जुन्या-नव्या कायद्यांत विखुरलेले आहे आणि ते शोधून एकत्र जुळवावे लागते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ हा प्रामुख्याने मुलांच्या कर्तव्याचा कायदा आहे. तथापि त्याच्या कलम २३ मध्ये मालमत्ता घेणारा हा अपत्यच असला पाहिजे असे म्हटलेले नाही. मूलभूत सुविधा व गरजा पुरवण्याच्या अटीवर ज्येष्ठाने बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने वा अनुचित प्रभावाखाली झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. ‘शेवटपर्यंत सांभाळतो’ असे सांगून सदनिका नावावर करून घेणाऱ्या काळजीवाहकालाही हे लागू पडते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावून न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबाही परत देववू शकते असे स्पष्ट केले. बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर लिहून घेणे हाच यातला व्यवहार्य धडा आहे. न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे लोकव्यवहारातील ‘प्रांता’च्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालते.

त्याहून जुना व प्रभावी आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ मध्ये सापडतो. वय, आजार किंवा मानसिक वा शारीरिक क्लेशामुळे जिच्या मनोबलावर तात्पुरता वा कायमचा परिणाम झाला आहे, अशा व्यक्तीशी करार करणारा तिच्यावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत आहे असे हे कलम मानते. व्यवहार वरकरणी अन्याय्य दिसत असेल तर तो प्रभावाविना झाल्याचे दाखवण्याचा भार त्याच्यावर टाकते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ११४ (पूर्वीच्या कायद्यातील कलम १११) विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तीवर सद्हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी ठेवते. मृत्युपत्राबाबत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ६१ लागू होते. फसवणूक, जबरदस्ती किंवा नको इतका पिच्छा पुरवून करून घेतलेले मृत्युपत्र त्यानुसार रद्दबातल ठरते. ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती असून तिचा उलगडा त्यानेच केला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच मांडले.

फौजदारी बाजूने १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील नोकराने केलेली चोरी (कलम ३०६), फौजदारी विश्वासघात (कलम ३१६) व फसवणूक (कलम ३१८) ही कलमे उपयोगी पडतात.

सर्वांत मोठी उणीव मुखत्यारपत्राची आहे. करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारा विकल मनाचा झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला प्रतिनिधीची सर्वाधिक गरज निर्माण होते, त्याच दिवशी कागद निरुपयोगी होतो. व्यवहारात हे कोणी बँकेला कळवत नाही आणि अधिकार संपलेला मुखत्यार व्यवहार करीत राहतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या आईवडिलांबाबत हा मुखत्यार पुष्कळदा शेजारी, दूरचा नातलग किंवा संस्थेचा व्यवस्थापक असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, पैशाच्या व्यवहारांसाठी नव्हे. त्यामुळे पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबांना बरेचदा उच्च न्यायालयात जावे लागते.

बँक व नामनिर्देशन

सही करण्यास असमर्थ खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने पद्धत घालून दिली आहे. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेला परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. नोव्हेंबर २०१७ च्या सूचनेनुसार ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देणे अपेक्षित आहे. बँकेचा माणूस संस्थेत आला तर कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची गरजच उरत नाही. तरीही ही सेवा मागणारे थोडे असतात.

नामनिर्देशनाविषयी मोठा गैरसमज आढळतो. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीने; ती मालक होत नाही. विमा पॉलिसीबाबत १९८३ मध्ये व समभागांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. काळजीवाहकाने स्वतःचे नाव ठेवीवर लावून घेतले म्हणून वारसांचा हक्क बुडत नाही, पण ती रक्कम परत मिळवण्यासाठी दावा लावावा लागतो.

संस्थांतील प्रतिबंधक पद्धती

बहुतेक खाजगी वृद्धाश्रम सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात आणि न्यासाच्या हिशेबांचे लेखापरीक्षण होते. रहिवाशाचा खाजगी पैसा मात्र न्यासाचा नसल्याने त्या हिशेबांत येत नाही. ही फट संस्थेने स्वतःच बुजवावी लागते. जो शुश्रूषा करतो त्याच्या हाती पैसा नसावा आणि जो पैसा सांभाळतो त्याचा हिशेब तिसऱ्याने पाहावा, या तत्त्वावर चांगल्या संस्थांची व्यवस्था उभी असते. प्रवेशाच्या वेळी दागिन्यांची छायाचित्रांसह यादी करून तिच्या प्रती कुटुंबाला व संस्थेला दिल्या जातात. किरकोळ खर्चासाठी प्रत्येकाची वही असते, तीत दोन सह्या होतात. कर्मचाऱ्यांनी किती किमतीपर्यंतची भेट घ्यावी हे लेखी ठरलेले असते. त्यावरची भेट संस्थेच्या सामायिक निधीत जाते व तिची नोंद होते. मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करायचे असल्यास वकील रहिवाशाशी एकांतात बोलतो आणि संस्थेचा कोणीही कर्मचारी साक्षीदार राहत नाही.

कुटुंबीयांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत: निवृत्तिवेतनाचे खाते व ठेवींचे खाते वेगळे ठेवणे, कार्डाची दैनिक मर्यादा कमी करणे, व्यवहारांचे संदेश रहिवाशाच्या संमतीने आपल्याकडेही येतील असे पाहणे, अनामत परत करण्याची मुदत करारात लिहून घेणे. यांपैकी कशापेक्षाही अधिक उपयोग होतो तो न कळवता केलेल्या नियमित भेटींचा. संस्थेने भेटीच्या वेळी कर्मचारी समोर बसवण्याचा आग्रह धरला, रहिवाशाचा फोन सतत ‘बिघडलेला’ असला, पुरेसे निवृत्तिवेतन असूनही अंगावर फाटका स्वेटर दिसला किंवा चष्म्याची काच महिनोन्‌महिने फुटकी राहिली, तर खात्याचा उतारा मागवून पाहणे आवश्यक असते.

तक्रारीची ठिकाणे

ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० वर नोंदवता येते. दुसऱ्या प्रकारात पहिल्या काही तासांत फोन केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. बँकेने तक्रारीची दखल न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, न्यासाच्या गैरकारभाराबाबत धर्मादाय आयुक्तांकडे, शुल्क व अनामतीच्या वादात ग्राहक आयोगाकडे जाता येते. वृद्धनिवास व घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची करणारे, २००७ च्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते संमत होण्यापूर्वीच २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले.